स्वल्पविरामाची सनद

आमच्या वेळच्या मराठी शाळेत शुक्रवारी दुपारी शुद्धलेखनाचा तास असे. मास्तर क्रमिक पुस्तक डोळ्यांपुढे धरून वर्गात येरझारा घालीत एकेक वाक्य सावकाश सांगत, आणि सांगता सांगता जेथे चिन्ह आले असेल तेथे आवाज किंचित चढवून ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ असा पुकारा करीत. एके शुक्रवारी, गावाहून नुकत्याच दाखल झालेल्या एका मुलाने तो पुकाराही मजकुराचाच भाग समजून अक्षरी उतरवून घेतला. परिणामी त्याच्या पाटीवरील दरबारात राजा, प्रधान, कोतवाल आणि सेनापती या चौघांच्या मध्ये दोन स्वल्पविरामही मानाने आसनस्थ झाले. वर्ग खो खो हसला. मास्तरांनी छडी उचलली आणि, त्यांनाही हसू आवरेना म्हणून, परत ठेवली. पुढे पुष्कळ वर्षांनी जुने मोडी कागद लावून पाहण्याचा नाद लागला तेव्हा माझ्या ध्यानात आले की, त्या बिचाऱ्याने केले ते अडाणीपणाचे असले तरी मराठीच्या प्राचीन वहिवाटीला अगदीच सोडून नव्हते. विराम शब्दाने लिहावयाचा ही आपली जुनी रीत. तो चिन्हाने दाखवावयाचा ही रीत इंग्रजी व्याकरणाच्या बोटाला धरून आपल्या घरात आली, आणि तीही फार झाले तर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी स्थिरस्थावर झाली.

मोडीचा कोणताही जुना कागद हाती घेतला की प्रथम नजरेत भरते ती त्यातील अखंडता. लिहिणारा कारकून कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी शिरोरेघ ओढून घेई, आणि मग बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली अक्षरे एकामागून एक लोंबती सोडी. हात शक्य तितका कमी उचलावयाचा हे मोडीचे सारे मर्म. तेव्हा जेथे अक्षराअक्षरांत हात उचलत नाहीत तेथे शब्दाशब्दांत अंतर कोण सोडणार, आणि वाक्य संपले म्हणून टिंब देण्यासाठी कोण थांबणार? ओळ संपली म्हणजे शब्द ज्या अक्षरावर असेल त्या अक्षरावर तुटे आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीच्या आरंभी येऊन बसे. क्वचित दोन उभ्या रेघा दिसतात खऱ्या, पण त्यांवर भरवसा ठेवणारा नवखा वाचक हमखास फसतो. कारण ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘वि॥’ म्हणजे विशेष, असा तो संक्षेपाचा खुणेचा दगड असून विश्रांतीचा पार नव्हे. पोथ्यांतील ओवीला आणि अभंगाला मात्र दंड असे, कारण तेथे चरण संपल्याची खूण छंदाला हवी होती. गद्याला ती सवलत नव्हती.

मग त्या काळचा माणूस वाक्य कोठे संपले हे ओळखी कसे? ओळखी, आणि बिनचूक ओळखी. कारण वाक्याचे सांधे शब्दांनीच बांधलेले असत. पत्राचा मायना संपून मजकूर सुरू झाला हे ‘विशेष’ या शब्दाने कळे. समोरच्याचे म्हणणे कोठे सुरू होते ते ‘तुम्ही लिहिले जे’ यावरून, ते कोठे संपते ते ‘म्हणोन’ यावरून, आणि आपले उत्तर कोठे आरंभते ते ‘त्यास’ किंवा ‘ऐशास’ यावरून उमगे. आज ज्या कामाला आपण अवतरणचिन्हाच्या दोन जोड्या, एक स्वल्पविराम आणि एक नवा परिच्छेद खर्ची घालतो, ते काम हे तीन-चार शब्द निमूटपणे उरकीत. विषय बदलला की ‘कलम’ पडे. हिशेबात ‘पैकी’, ‘वजा’, ‘बाकी’ हे शब्द रकान्याच्या रेघांसारखे उभे राहत. रक्कम आकड्यांत मांडून झाल्यावर पुन्हा अक्षरी लिहीत आणि शेवटी ‘मात्र’ ठोकीत, म्हणजे पुढे कोणी शून्य वाढवू नये. वडीलधाऱ्यास लिहिताना ‘हे विनंती’, हाताखालच्यास लिहिताना ‘जाणिजे’ असा शेवट होई. त्यामुळे पत्र कोठे थांबले एवढेच नव्हे, तर कोण कोणापुढे थांबला हेही त्या एका शब्दावरून कळत असे. एवढे दरबारी तारतम्य कोणत्याही पूर्णविरामाला आजवर साधलेले नाही. आणि सर्वांच्या अखेरीस, मजकुराला अगदी लगटून, मोर्तबाचा शिक्का. त्याखाली एक अक्षर जरी वाढविले तरी ते लबाडीत जमा. मराठेशाहीतील खरा पूर्णविराम तो हा, आणि तो देण्याचा अधिकार लेखकाचा नसून मुद्रा बाळगणाऱ्याचा होता.

शिवाय, ही पत्रे बहुधा डोळ्यांसाठी नसतच. सरदारापुढे कारकून ती मोठ्याने वाचून दाखवी. श्वास कोठे घ्यावा आणि स्वर कोठे उतरवावा हे त्याच्या कानाला ठाऊक असे. कागदावरील मजकूर हा गवयाच्या चिजेसारखा निव्वळ साठा होता, त्यातली लय वाचणाऱ्याच्या गळ्यात होती.

युरोपखंडातही पूर्वी याहून निराळे नव्हते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ दीर्घकाळ शब्दांत अंतर न सोडता सलग लिहिले जात, आणि ते वाचून दाखविणे हे शिकलेल्या गुलामाचे किंवा वक्तृत्वाच्या विद्यार्थ्याचे काम असे. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख अरिस्टोफेनीस (हा नाटककार नव्हे, बायझॅन्टियमचा पंडित) याने ओळीच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या अंगाला टिंब देऊन लहान-मोठा विराम दाखविण्याची युक्ती काढली. कॉमा, कोलन, पीरियड ही जी नावे इंग्रजीत आजही चालतात, ती त्याच परंपरेतील. परंतु मौज अशी की मुळात ती टिंबांची नावे नव्हेतच. कॉमा म्हणजे वाक्याचा कापलेला तुकडा, कोलन म्हणजे वाक्याचा अवयव, आणि पीरियड म्हणजे फेरा पुरा करून आलेले संपूर्ण वाक्य. पुढे तुकड्याचे नाव तुकड्याच्या अखेरीस बसणाऱ्या खुणेला चिकटले, जसे आपल्याकडे गावाचे नाव माणसाच्या आडनावाला चिकटते. शब्दांमध्ये अंतर सोडण्याचा परिपाठ आयर्लंडच्या मठांतील भिक्षूंनी सातव्या-आठव्या शतकांत पाडला. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नसल्यामुळे सलग मजकूर लावताना त्यांची तारांबळ उडत असावी, असे मानावयास हरकत नाही. आणि टिंबाखाली स्वल्पविराम असा जो अर्धविराम आपण लिहितो, तो पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात व्हेनिस शहरी आल्डस मनुशियस याच्या छापखान्यात, पिएत्रो बेंबो याच्या एटना पर्वतावरील पुस्तकासाठी, धातूत पाडला गेला. छापखाना आला आणि विरामचिन्ह हे वाचणाऱ्याच्या मर्जीवरून उठून खिळे जुळविणाऱ्याच्या खणात जाऊन बसले.

इंग्रजी व्याकरणाची कथाही अशीच उसनवारीची आहे. आज आपण ज्या भाषेच्या नियमांपुढे मान तुकवितो, त्या भाषेला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्वतःचे छापील व्याकरण नव्हते. ‘ग्रामर’ या शब्दाचा अर्थच तेथे लॅटिनचे व्याकरण असा होता. १५८६ साली विल्यम बुलोकर याने इंग्रजीचे पहिले व्याकरण छापले, तेही विल्यम लिली याच्या लॅटिन व्याकरणाचा आदर्श समोर ठेवून. अठराव्या शतकात या विषयाला भरती आली. १७६१ साली जोसेफ प्रीस्टली याने आणि १७६२ साली रॉबर्ट लौथ याने आपापली व्याकरणे प्रसिद्ध केली. प्रीस्टली हा तोच, ज्याचे नाव पुढे प्राणवायूच्या शोधाशी निगडित झाले. त्याची दृष्टी प्रयोगशाळेतील माणसाची, म्हणून लोक जसे बोलतात व लिहितात तोच भाषेचा आधार, असे त्याचे मत. लौथ हा धर्मोपदेशक, पुढे लंडनचा बिशप झालेला. त्याने तळटीपांतून शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्यासुद्धा चुका काढल्या. दोन नकार एकत्र आले की होकार होतो हा नियम शाळाशाळांतून पसरला त्यात त्याचा वाटा मोठा आहे, जणू काही भाषा म्हणजे बीजगणित. आपल्याकडे ‘मला नाही काही नको’ असे म्हणणाऱ्या पोराला कोणी लाडू वाढून दाखवावा म्हणजे या नियमाची किंमत कळेल!

या दोघांनंतर आला तो लिंडली मरे. हा मूळचा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचा, धंद्याने वकील. प्रकृती ढासळल्यावर इंग्लंडात येऊन यॉर्क शहरानजीक राहिला, आणि तेथील क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या आग्रहावरून त्याने १७९५ साली आपले इंग्रजी व्याकरण छापून काढले. नवे संशोधन म्हणाल तर त्यात फारसे नव्हते. लौथकडून आणि इतरांकडून घेतलेला माल त्याने वकिली शिस्तीने कलमवार लावला. पण नेमकी तीच शिस्त शाळामास्तरांना हवी होती. अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर त्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या, आणि कंपनी सरकारच्या शाळांच्या मार्गाने ते हिंदुस्थानातही उतरले. प्रयोगशाळेतल्या माणसाचे व्याकरण आपल्या वाट्याला आले असते तर मराठीचे काय झाले असते कोण जाणे. आले ते वकिलाचे.

या मरेने विरामचिन्हांना जागा दिली ती कोठे, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या व्याकरणाचे चार भाग: वर्ण, शब्द, वाक्य आणि शेवटी स्वर व छंद. विरामचिन्हे या शेवटच्या भागात येतात, म्हणजे उच्चाराच्या आणि वृत्ताच्या पंक्तीला, वाक्यरचनेच्या नव्हे. चिन्ह हे अर्थाचे नसून श्वासाचे, हा जुना समज त्याच्याही मनात पक्का होता, आणि वकिली स्वभावानुसार त्याने त्या श्वासाचा दरही ठरवून दिला. कॉमा हा सर्वांत लहान विराम. सेमिकोलन त्याच्या दुप्पट. कोलन सेमिकोलनच्या दुप्पट. आणि पूर्णविराम कोलनच्या दुप्पट. हा हिशेब आपल्या जुन्या चलनात मांडला तर फारच सोयीचा पडतो: पूर्णविराम हा रोख रुपया धरला, तर कोलन ही अधेली, सेमिकोलन ही पावली आणि कॉमा ही चवली. यॉर्कच्या त्या शाळेतील मुली मनातल्या मनात एक, एक-दोन, एक-दोन-तीन-चार असे मोजीत उतारे वाचीत असतील, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते.

हे व्याकरण मुंबईस कसे येऊन पोचले याची हकीकत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या अमदानीत सुरू होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, दुसऱ्या वर्षी एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि १८२२ च्या सुमारास शाळा काढणे व शाळांसाठी पुस्तके करविणे या हेतूने मुंबईत एक मंडळी उभी राहिली. मराठीचे व्याकरण त्यापूर्वी छापले गेले नव्हते असे नाही. विल्यम केरी याने बंगालमध्ये श्रीरामपूर येथे १८०५ सालीच एक काढले होते, परंतु ते इंग्रजीत, मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी लिहिलेले. मराठी मुलांना मराठीतून शिकविण्याजोगे व्याकरण पाहिजे होते, आणि ते १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी दिले. त्या वेळी दादोबांचे वय अवघे बावीस वर्षांचे. एका बाजूला संस्कृत वैयाकरणांचा दोन सहस्र वर्षांचा वारसा, दुसऱ्या बाजूला शाळेत शिकलेले इंग्रजी व्याकरण, आणि हातात मात्र अशी भाषा की जी या दोहोंच्याही साच्यात पुरती बसेना. अशा स्थितीत या तरुणाने जो तडजोडीचा मार्ग काढला, त्यावरूनच आपण आजतागायत चालत आहो.

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी, ही जी शब्दांच्या आठ जातींची माळ प्रत्येक मराठी मुलगा घोकतो, ती नावाने संस्कृत असली तरी रक्ताने इंग्रजी आहे. आणि इंग्रजीनेही ती लॅटिनमार्गे ग्रीकांकडून आणलेली. शब्दयोगी अव्ययाचे उदाहरण घ्या. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी येतो, आणि त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थही ‘पुढे ठेवलेला’ असाच आहे; मराठीत तो नामाच्या मागे जडतो, ‘झाडाखाली’, ‘घरापुढे’. दादोबांच्या परंपरेने त्याला ‘पूर्व’ही म्हटले नाही आणि ‘उत्तर’ही म्हटले नाही, ‘शब्दाशी जुळणारे’ एवढेच म्हणून वेळ निभावून नेली. याला मी मुत्सद्देगिरी म्हणतो. विभक्ती मात्र संस्कृतातून घेतल्या, आणि प्रयोगही. कारण तेथे इंग्रजीचा हात पुरतच नव्हता. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’: कर्ता तोच, पण क्रियापद कर्मामागे धावते. ‘मुलाने मांजराला मारले’: येथे ते कोणाच्याच मागे धावत नाही. कर्ता हा क्रियापदाचा धनी हे इंग्रजी व्याकरणाचे आद्य तत्त्व. मराठी क्रियापद भूतकाळात गेले की तो धनी बदलते, हे कोणत्या इंग्रजी मास्तराला पटवून द्यावे? या आंतरविरोधावर पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची कसून झडती घेतली, आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सर्वांचाच हिशेब नव्याने तपासला.

विरामचिन्हांची सनद मात्र दुसऱ्याच एका गृहस्थाने आणली. मेजर टॉमस कँडी हा १८२२ साली फौजेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, आणि बंदुकीपेक्षा शब्दकोशात अधिक रमला. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामी तो आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांनी हातभार लावला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्याच्याकडे आली. पुढे सरकारी मराठी भाषांतराचा कारभार हाती येऊन क्रमिक पुस्तके त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. पुस्तिका छोटी, पण तिच्यामागे सरकारी शाळांचे सारे वजन होते. पंतोजींच्या हाताखालून जी पिढी गेली तिने विरामचिन्हे नियम म्हणून नव्हे, तर मुळाक्षरांच्या जोडीची वस्तू म्हणून गिरविली. परभाषेच्या माणसाने आपल्या भाषेच्या खांबांना अशी खुंटी ठोकावी आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हलू नये, असे फार थोड्यांच्या नशिबी येते.

आता या चिन्हांची मराठी नावे पाहावीत. ग्रीकांनी तुकडा, अवयव, फेरा अशी वाक्याच्या देहाची नावे दिली होती. मराठीने स्वल्प, अर्ध, अपूर्ण, पूर्ण अशी थांबण्याच्या मापाची दिली. म्हणजे मरेचे श्वासमापन येथे नावातच कायम होऊन बसले. परंतु मापाची नावे दिली म्हणजे मापे तपासणारा कोणीतरी भेटतोच. मरेच्या हिशेबाने सेमिकोलन हा पूर्णविरामाचा चौथा हिस्सा. त्याला आपण ‘अर्ध’ म्हणतो. आणि जो खरोखरीचा अर्धा, तो कोलन. त्याला ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला सारतो. पावलीला अधेली म्हणून चालविण्याचा हा व्यवहार बिनबोभाट चालू आहे, कारण आजवर कोणी श्वास मोजून पाहिलेला नाही.

त्या अपूर्णविरामाची तर मराठीत फारच कुचंबणा झाली. एकाखाली एक दोन टिंबे हे त्याचे रूप, आणि तेच विसर्गाचे. ‘दुःख’ या शब्दातील टिंबे ओळखीची म्हणून निभावतात. परंतु शब्दाच्या अंती ती दिसली की हा विसर्ग की विराम, असा वाचकाला संभ्रम पडतो. म्हणूनच, माझ्या मते, आपल्याकडे त्या दोन टिंबांपुढे एक आडवी रेघ ओढण्याची चाल पडली. अर्जात, निमंत्रणपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर ती आजही दिसते. इंग्रजीच्या पंडिताला ती रेघ निरर्थक वाटेल. देवनागरीत ती आपली चाकरी चोख बजावते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म. इंग्रजीत वाक्याचा आरंभ मोठ्या अक्षराने होतो, शेवट टिंबाने. म्हणजे दाराला आतून कडी आणि बाहेरून कुलूप. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे दोन्ही कामे एकट्या टिंबावर पडली, आणि टिंब तर आपल्या लिपीत आधीच डोक्यावर अनुस्वार म्हणून मिरवीत होते. जुन्या छपाईत, उच्चारात नसलेले अनुस्वारही कटाक्षाने देत असत, त्या काळी पानावर वर टिंबे आणि खाली टिंबे असा सडा पडलेला दिसे. हिंदीने पोथीतील उभा दंड जपून ठेवला आणि वाक्याच्या शेवटी तो आजही रोवते. मराठीने दंड टाकून टिंब घेतले. डोळ्यांच्या सोयीचा विचार केला तर हिंदीचा निवाडा अधिक शहाणपणाचा होता, हे कबूल केलेच पाहिजे.

चिन्हे आली आणि हळूहळू वाक्याचा बांधाच बदलू लागला. अवतरणचिन्ह मिळाल्याबरोबर ‘म्हणोन’ची चाकरी संपली. मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे बहुधा त्याच्याच तोंडच्या शब्दांत सांगतो, ‘तो म्हणाला, मी उद्या येतो’. यातील ‘मी’ म्हणजे सांगणारा नव्हे, हे कानाला उपजतच कळते. इंग्रजीत हेच वाक्य अप्रत्यक्ष करावयाचे तर ‘मी’चा ‘तो’ होतो, ‘येतो’चा काळ मागे सरकतो आणि ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. या एका प्रकरणाने मराठी मुलुखातील जितकी मुले मॅट्रिकच्या उंबरठ्यावर अडविली असतील, तितकी त्रैराशिकानेही अडविली नसतील. त्यांच्या मदतीस धावली ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिचे तीन भाग घरोघर असत, बहुधा पुठ्ठा निखळलेल्या अवस्थेत आणि थोरल्या भावाकडून धाकट्याकडे वारशाने आलेले. आधी शब्द, मग नियम, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये, असा तिचा क्रम. कर्ता-कर्म-क्रियापद हा आपला घाट मोडून क्रियापद मधे आणावयाचे आणि कर्म शेवटी न्यावयाचे, ही कसरत ती शेकडो वाक्यांतून करून घेई. त्या वाक्यांतील माळी, घोडा, आत्या आणि टोपी यांचे परस्परसंबंध कोणत्याही कुटुंबात आढळणार नाहीत असे. परंतु ‘त्याचे इंग्रजी तर्खडकरी आहे’ हे वाक्य निंदा म्हणून जितके रूढ झाले, तितकेच ते एका मोठ्या उपकाराची पावतीही आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड पुस्तक आले. त्यातील रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात कराचीस नोकरी केलेला, आणि ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातील शिपाईगिरीची कादंबरी लिहून जगभर गाजलेला. तरीही आपल्याकडे त्याची ओळख राहिली ती रिकाम्या जागा भरण्यापुरतीच.

इंग्रजी वाक्याचा खरा मराठी अवतार झाला तो शाळेत नव्हे, तर १८७४ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त. हा मोठा चमत्कारिक योग आहे. ज्यांनी मालेचा आरंभच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवरील निबंधाने केला आणि भाषांतरी मराठीवर कोरडे ओढले, त्यांचेच वाक्य जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाक्यासारखे दीर्घ, एकात एक गुंफलेले, अर्धविरामाच्या टेकूवर तोललेले आणि शेवटच्या क्रियापदापर्यंत वाचकाचा श्वास रोखून धरणारे होते. पण ते मराठीच होते. कारण त्यांनी चिन्ह घेतले आणि त्या चिन्हाला चालविणारा श्वास मात्र पुराणिकाचा, कीर्तनकाराचा ठेवला. चौऱ्याऐंशी अंक निघाले. १८८२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, शास्त्रीबोवा गेले. अर्धविरामाने मराठीत इतका मान त्यापूर्वी कधी मिळविला नव्हता, आणि नंतरही फारसा टिकविला नाही.

इंग्रजांनी हे चिन्हांचे शास्त्र आपल्या शाळांना शिकविले, आपल्या छापखान्यांवर लादले, पण स्वतःच्या न्यायासनावर त्याला बसू दिले नाही हेही नमूद केले पाहिजे. कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांवर भिस्त ठेवणे चूक होय, असा निवाडा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बंगालमधील एका दाव्यात खुद्द प्रिव्ही कौन्सिलने दिला. म्हणजे जमीनजुमल्याचा प्रश्न आला तेव्हा लंडनचे न्यायमूर्तीही आमच्या कारकुनाच्याच पंक्तीला येऊन बसले: शब्द काय सांगतात तेवढे बोला, टिंबे राहू द्या.

आता वाक्ये आखूड झाली आहेत, आणि अर्धविराम तर वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानावर शोधूनही सापडत नाही. त्याबद्दल मी शोक करीत बसणार नाही. परंतु ज्यांच्या घरी माळ्यावर वा जुन्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल अजून बांधलेले पडले असतील, त्यांना एक विनंती आहे. ते रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणारा एखादा गृहस्थ गाठावा, रुमाल सोडून एक पत्र त्याच्या हाती द्यावे, आणि ते मनातल्या मनात न वाचता मोठ्याने वाचण्यास सांगावे; ‘म्हणोन’, ‘त्यास’ आणि ‘हे विनंती’ यांच्याशी त्याचा आवाज कसा उतरतो, तेवढे जवळ बसून ऐकावे.